मुलीच्या सवलतीवर पुण्याला जावं की सरळ तिकीट काढावं?

रतलामवाली काकू (राजेंद्र नगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझी धाकटी बेंगळुरूला एका विमान कंपनीत आहे. हवाईसुंदरी नाही, विमानतळावर जमिनीवरच्या कामात. लागून तीन वर्षं झाली. त्यांच्यात कर्मचाऱ्याला स्वतःसाठी, नवऱ्या-मुलांसाठी आणि आईवडिलांसाठी स्वस्तात तिकीट मिळतं. मूळ भाड्यात 90 टक्के सूट, वर कर आणि विमानतळाचे पैसे आपण भरायचे. हे लोक त्याला ‘सब्लो’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कसली तरी बंगाली मिठाई असेल. मग कळलं, ‘सब्जेक्ट टू लोड’. विमानात जागा उरली तर तुम्ही बसा, नाहीतर राम राम.

आता मला पास म्हणजे रेल्वेचा माहीत. आमचे हे रतलाम डिव्हिजनला गार्ड होते (आता म्हणे त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, ऐकून खूश झाले असते). पास खिडकीत दिला की रिझर्वेशन व्हायचं आणि बर्थ आपला. पीटीओ (सवलतीच्या तिकिटाची चिठ्ठी) असला तर एक तृतीयांश भाडं भरायचं, पण बर्थ तरीही आपलाच. तीस वर्षं त्या पासावर हिंडले, अर्ध्या वाटेत कुणी ‘उठा’ म्हटलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर मुलीकडून परत येताना काय झालं ते सांगते. सकाळचं विमान भरून गेलं. संध्याकाळच्या विमानाला गेटपाशी बसून राहिले. काउंटरवरची मुलगी दर दहा मिनिटांनी स्क्रीन बघायची आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवायची, हो पण नाही आणि नाही पण नाही. सगळे आत गेल्यावर तिनं एकदम बोलावलं, त्या छोट्या मशीनमधून कर्रकन बोर्डिंग पास निघाला, मी जवळजवळ धावतच गेले. 22 ई. मधली सीट, पण मला काय, राजगादीच. पट्टा बांधला, चष्मा पर्समध्ये ठेवला, ‘निघालो’ असं मुलीला कळवलंसुद्धा. आणि हवाईसुंदरी वाकून हळूच म्हणाली, “मॅम, अपना बॅग लेकर मेरे साथ आइए.” दुसऱ्या विमानातून येणारे कुणीतरी तिकीटवाले उशिरा पोचले होते. वरच्या कप्प्यातून माझी पिशवी शेजारच्या मुलानं काढून दिली, तिच्यातून चकलीचा डबा खडखडला आणि आख्खी रांग माझ्याकडे बघायला लागली. चोरी करताना सापडल्यासारखं वाटलं हो. दुसऱ्या दिवशी अकरा हजारांचं तिकीट काढून घरी आले. कुठली 90 टक्के सूट नि काय!

आता मूळ प्रश्न. मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी पुण्यात माझ्या दादाचं सहस्रचंद्रदर्शन आहे. औक्षण करायला बहीण मी एकटीच उरले आहे. मुलगी म्हणते, “आई, इंदूर-पुणे लोड बरं दिसतंय, शनिवारी सकाळी सब्लोवर ये.” जाऊ का?

शिवाय दोन उपप्रश्न. आमच्या शेजारच्या वहिनींच्या मुलाची पुण्यात मुलाखत आहे. मुलीला वर्षाला दोनचार तिकिटं सोबत्याच्या नावानं देता येतात हे मीच एकदा पोहे खाता खाता बोलून गेले. आता वहिनी म्हणतात, “दोन हजार देते, त्याचं नाव घालायला सांगा.” आणि तिसरं म्हणजे आमच्या विहीणबाई. मुलीच्या कंपनीत एकच जोडी नोंदवता येते, आईवडील नाहीतर सासू-सासरे. तिनं माझं नाव घातलं. तेव्हापासून विहीणबाई फोनवर “तुमचं काय बाई, तुम्ही विमानवाल्या” एवढंच म्हणतात आणि फोन मुलाकडे देतात.

---

लोडशीट (सुदामा नगर)

काकू, नमस्कार. माझी उभी नोकरी लोड कंट्रोलमध्ये, म्हणजे विमानात किती वजन आणि किती माणसं घ्यायची याच्या हिशेबात गेली, त्यामुळे तुमच्या 22 ईच्या गोष्टीतला खलनायक थोडाफार मीच समजा.

आधी क्रम समजून घ्या. बहुतेक कंपन्यांत सब्लोची यादी आल्या वेळेप्रमाणे लागत नाही. आधी ड्यूटीवर दुसऱ्या गावी चाललेले वैमानिक आणि क्रू, त्यांना न्यावंच लागतं, नाहीतर पुढचं विमान उडत नाही. मग सुट्टीवरचा कर्मचारी आणि त्याच्याबरोबर प्रवास करणारं कुटुंब. त्यात जो जुना, तो वर. मग कर्मचारी बरोबर नसताना एकटे निघालेले आईवडील. त्याखाली सोबती मंडळी आणि दुसऱ्या कंपन्यांचे कर्मचारी. तुमच्या मुलीची नोकरी तीनच वर्षांची आणि तुम्ही एकट्या, म्हणजे यादीत तुमचं नाव खालीच येणार. ती बरोबर असेल तर थोडं वर सरकतं. “लोड बरं दिसतंय” म्हणजे किती? ‘बारा जागा रिकाम्या’ हे अर्धंच उत्तर झालं. त्या बारा जागांवर यादीत कितीजण टपलेत हे तिला विचारा. आणि शनिवार-रविवारचं लोड बुधवारी पाहून काही कळत नसतं, लोक आदल्या रात्रीपर्यंत तिकिटं काढतात.

आता एक गोष्ट जी लोकांना पटत नाही. जागा रिकामी असते आणि तरी आम्ही सब्लोवाल्याला घेत नाही. कारण वजन. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. मे महिन्यात दुपारी पारा 40-42 वर गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचाही जोर कमी पडतो. मग त्या धावपट्टीवरून किती वजन उचलता येईल याचा आकडा खाली येतो. एटीआरसारखं सत्तर-अठ्ठ्याहत्तर आसनांचं पंख्याचं विमान असेल तर कधी चार, कधी सहा माणसं कमी घ्यावी लागतात. हिवाळ्यात दिल्लीला धुकं असलं की दुसरा त्रास: तिथं उतरता आलं नाही तर लांबच्या विमानतळावर जाण्याइतकं जास्तीचं इंधन घ्यावं लागतं, आणि इंधनाचं वजन म्हणजे माणसांचं वजन कमी. प्रवाशाला ते दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त रिकामी खुर्ची. मला एकदा एका सहकाऱ्याच्या वडिलांनी बिजासन टेकडीच्या देवीची शपथ घालून विचारलं होतं, “खरं सांगा, ती जागा कुणासाठी राखून ठेवली होती?” लोडशीट, म्हणजे वजनाच्या हिशेबाचा कागद दाखवला, तरी त्यांचा विश्वास बसला नाही.

म्हणून मे महिन्यात सब्लोवर निघायचंच असेल तर पहाटेचं नाहीतर रात्रीचं विमान धरा. दुपारचं नको.

आणि सामान. चेक-इन बॅग देऊच नका. विमानात बसवून उतरवलं तर तुमची बॅगही पोटातून शोधून काढावी लागते, प्रवाशाशिवाय बॅग उडू देत नाहीत. तेवढ्यात विमानाला उशीर, आणि शिव्या तुमच्या मुलीच्या नावाला. सात किलोची हातातली पिशवी, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या आणि एक जास्तीची साडी. बस्स.

---

सराफा रिटर्न

काकू, भाईसाब, दादांच्या औक्षणाला जायचंय ना? मग इंदूर-पुणे गाडीत बसा. तुमच्याकडे रेल्वेचा विधवा पास असेलच. बसलात की दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात. लोड नको, लोडशीट नको. शेवेचं पुडकं कितीही किलोचं न्या.

---

रतलामवाली काकू

@सराफा रिटर्न, पास आहे हो. पण गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, रात्रभर त्या शिडीवरच्या बर्थचा आणि स्वच्छतागृहाचा विचारच नको. आणि मेच्या तिसऱ्या शनिवारचं रिझर्वेशन मिळवून दाखवा, मी तुम्हाला छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जेवायला घालते.

@लोडशीट, तुम्ही फार चांगलं समजावलंत. रिकामी खुर्ची आणि वजन ही गोष्ट मुलीनंसुद्धा कधी सांगितली नव्हती. तिला विचारलं. म्हणाली, “आई, अठरा रिकाम्या, यादीत अकरा.” मग गप्प झाली.

---

स्टँडबाय वहिनी

काकू, मी पंधरा वर्षं एका विमानवाल्याची बायको आहे. शेजारच्या मुलाबद्दल मी सांगते, बाकी पुरुष मंडळी गोल गोल बोलतील.

नको म्हणजे नको. दोन हजार घेतले तर अजिबातच नको. सोबत्याच्या तिकिटावर पैसे घेणं म्हणजे सवलत विकणं, आणि ते जवळजवळ प्रत्येक कंपनीत नोकरी जाण्याइतकं गंभीर धरतात. आमच्या ओळखीतल्या एकानं मित्राच्या मित्राला तिकीट दिलं होतं. त्या महाशयांनी गेटवर जागा नाही म्हटल्यावर आवाज चढवला, “मी पैसे मोजलेत!” झालं. गेटवरच्या माणसानं ते शब्द जसेच्या तसे रिपोर्टमध्ये लिहिले. आमच्या ओळखीतल्याची सवलत दोन वर्षं बंद, पगारवाढ थांबली, आणि त्याची आई त्याच वर्षी काशीला जायची होती ती राहिली.

पैसे न घेता दिलं तरी बघा. त्या मुलाची मुलाखत आहे. सब्लोवर निघाला आणि इंदूरलाच राहिला, तर नोकरी कुणी घालवली? तुमच्या मुलीनं. वहिनींचं तोंड बारा महिने तुमच्या दारासमोर असणार. त्यापेक्षा “मुलीची तिकिटं संपली” म्हणा. खोटं बोलायला आवडत नसेल तर “कंपनीत चालत नाही” म्हणा, ते तर खरंच आहे.

आणि काही रीतीभाती, ज्या मुलं आईबापांना संकोचानं सांगत नाहीत. काउंटरवर मोठ्यानं “माझी मुलगी तुमच्याकडेच आहे” असं म्हणू नका. त्यांच्या स्क्रीनवर ते लिहिलेलं असतं, पण बाजूच्या तिकीटवाल्याला कळू नये अशी त्यांची इच्छा असते. खिडकीची जागा मागू नका. नाव पुकारेपर्यंत गेटपासून हलू नका, चहा प्यायला तर मुळीच नाही. मी एकदा चहानं विमान घालवलंय. आणि नीट कपडे. तुम्ही नेसणार साडीच, तो प्रश्न नाही, पण आमच्या चिरंजीवांना फाटकी जीन्स बदलायला मी घरी परत पाठवलं होतं.

---

सॅन होजेचा पाहुणा (आता परत तिलक नगर, इंदूर)

कपड्यांवरून आठवलं. 2017 च्या मार्चमध्ये अमेरिकेत डेन्व्हर विमानतळावर दोन मुलींना लेगिंग्ज घातल्या म्हणून विमानात घेतलं नव्हतं. जगभर गवगवा झाला. पण त्या मुली कर्मचाऱ्याच्या पासवर होत्या, आणि पासवाल्यांना कंपनीचा वेशभूषेचा नियम लागू होता. तिकीटवाल्यांना तो नव्हता.

माझा मुलगा तिकडे एका विमान कंपनीत आहे. तिथं आईवडील म्हणून आम्हा दोघांची नावं त्यानं घातली. अमेरिकेच्या करकायद्यातल्या कलम 132 मध्ये विमान कर्मचाऱ्याच्या आईवडिलांसाठी मुद्दाम सोय आहे, त्यांचा फुकट प्रवास मुलाच्या उत्पन्नात मोजत नाहीत. मित्राला ‘बडी पास’ दिला तर त्याची किंमत मात्र पगारात धरून कर लागतो. म्हणजे तिथल्या सरकारनंही आई आणि शेजारी यांत फरक केलाय, काकू!

परदेशी जाताना सब्लोवर जास्त जपावं लागतं. आम्ही दोघं एकदा फ्रँकफर्टला अडकलो. दोनच जागा होत्या आणि आमच्या वर तिघंजण. युरोपात विमान रद्द झालं किंवा जागा नाकारली तर भरपाई मिळते ना, तो 261/2004 चा नियम, त्यात स्पष्ट लिहिलंय की फुकट किंवा लोकांना न मिळणाऱ्या सवलतीच्या भाड्यावर प्रवास करणाऱ्यांना तो लागू नाही. ना हॉटेल, ना जेवण. हिनं पर्समधून थालीपीठ काढलं, ते खाऊन विमानतळाच्या बाकावर झोपलो. शेंगेन व्हिसा होता म्हणून बरं, नाहीतर बाहेर जाऊन खोलीसुद्धा घेता आली नसती. त्या दिवसापासून आमचा नियम: सब्लोवर निघताना खिशात दुसऱ्या दिवशीच्या पूर्ण तिकिटाएवढे पैसे हवेत. ते नसतील तर निघायचंच नाही.

---

जमाखर्च (नारायण बाग)

करावरून एक ओळ. आपल्याकडे 1962 च्या आयकर नियमांतल्या 3(6) मध्ये प्रवासी वाहतूक करणाऱ्या मालकानं कर्मचाऱ्याला दिलेला फुकट प्रवास करपात्र धरला होता, पण विमान आणि रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना त्यातून वगळलं होतं. म्हणजे काकू, तुमचे यजमान आणि तुमची मुलगी एकाच वाक्यात बसलेत.

सूट किती याचा हिशेबही करून बघा. 90 टक्के फक्त मूळ भाड्यावर. समजा तिकीट 5000 चं आहे आणि त्यात मूळ भाडं 3800. तुम्हाला 380 अधिक वरचे सुमारे 1200. वाचले 3420. त्यासाठी दादांचं औक्षण पणाला लावायचं का ते तुम्ही ठरवा. महिनाभर आधी काढलं तर पूर्ण तिकीटच स्वस्त पडतं, ज्येष्ठ नागरिक सवलत विचारून घ्या.

---

रतलामवाली काकू

सगळ्यांना उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण जाऊन आले.

जाताना पूर्ण तिकीट काढलं. मुलगी रुसली. “माझ्या कंपनीत असून तू दुसऱ्यांचं तिकीट काढलंस?” कारण स्वस्त मिळालं ते दुसऱ्या कंपनीचं होतं. मी म्हटलं, “अगं, 81 दिव्यांचं ताट धरायला मी वेळेवर हवी, तुझ्या कंपनीचा मान नंतर राखते.” शनिवारी दुपारीच पुण्यात पोचले. दादाचे हात आता थरथरतात. ताट मोठं, परातच होती, आणि दिवे कणकेचे. सून एका बाजूनं धरायला आली तर दादा म्हणाला, “राहू दे, तिला जमतं.” जमलं. दोन दिवे विझले, ते भाच्यानं परत लावले, कुणी बघितलं नाही असं आम्ही ठरवलं.

येताना सब्लोवर आले. येताना कुणाचं औक्षण नव्हतं, कुणाची मुलाखत नव्हती, फार तर पुण्यातच एक दिवस आणखी राहिले असते. लोडशीट साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मंगळवार रात्रीचं विमान, हातात एक पिशवी. खिशात दुसऱ्या दिवशीच्या तिकिटाचे पैसे. यादीत मी चौथी, जागा तीन. वर्षभराच्या मुलाला घेऊन एक तरुण जोडपं माझ्या वर होतं, नवरा त्याच कंपनीत. त्यांचं नाव पुकारलं, मग आणखी एका तरुणाचं. मी पर्स उचलली, मुलीला ‘राहिले’ असं लिहायला घेतलं. काउंटरवरचा पोरगा घड्याळ बघत होता आणि कुणा प्रवाशाचं नाव पुनःपुन्हा पुकारत होता. तो प्रवासी आलाच नाही. मग त्यानं माझं नाव पुकारलं. 14 सी. कडेची.

बसल्यावर मुलीला काही कळवलं नाही. दार बंद झाल्याचा आवाज आला, विमान मागे सरकलं, तेव्हा पट्टा चाचपून कळवलं. तो कोण बिचारा होता, लोहगावच्या वाटेवर कुठल्या सिग्नलला अडकला असेल, हेच इंदूर येईपर्यंत डोक्यात होतं.

शेजारच्या वहिनींना “कंपनीत चालत नाही” असं सांगितलं. मुलगा बसनं गेला, मुलाखत झाली. वहिनी अजून वाटीभर साखर मागायला आलेल्या नाहीत.

विहीणबाईंचं म्हणाल तर मुलीला सांगितलंय की नावं बदलायची मुभा आली की माझं काढ आणि त्यांचं घाल. माझ्याकडे रेल्वेचा पास आहे. पण आधी त्यांना ती 22 ईची गोष्ट सांगणार आहे, चकलीच्या डब्यासकट. नंतर मला बोल लावू नये.